बॅकअपचे सॉफ्टवेअर घेताना आधी विचारा : ठेवलेले परत कसे मिळेल?

आज आपल्या घराघरांत एक नवे कोठार तयार झाले आहे. त्यात धान्य नाही, माल नाही, रोकड नाही. त्यात मुलीच्या निकाहचे चित्रीकरण आहे, आईवडिलांच्या हजचे फोटो आहेत, मरहूम आजोबांनी मोबाइलवर पाठवलेला आवाजी निरोप आहे आणि जुन्या व्हिडिओ कॅसेटवरून उतरवून घेतलेले घरातले कार्यक्रम आहेत. कारागिराच्या घरी तर याच कोठारात त्याचा धंदाही असतो. जरीकाम करणाऱ्याने वर्षानुवर्षे बनवलेल्या खाक्यांचे फोटो, यंत्रावर भरतकाम करणाऱ्याच्या डिझाइनच्या फाइली, सुताराने केलेल्या नक्षीदार दरवाजांची छायाचित्रे, यंत्रमागधारकाने जपलेले साडीच्या काठांचे नमुने हे सारे एकाच संगणकात, बहुधा एकाच हार्ड डिस्कवर, मुलांच्या फोटोंच्या शेजारी पडलेले असते.

दुकानाच्या हिशेबाची काळजी आता अनेक जण घेतात. जीएसटीची विवरणपत्रे सरकारी पोर्टलवर असतात, चार्टर्ड अकाउंटंटकडे एक प्रत असते, बँकेकडे खात्याचा उतारा मिळतो. या कोठाराची दुसरी प्रत मात्र बहुतेकांकडे नसते. डिस्क बंद पडली तर हिशेब कष्टाने का होईना, पुन्हा उभा करता येतो. मरहूम आजोबांचा आवाज पुन्हा उभा करता येत नाही, आणि ज्या नमुन्यावर गिऱ्हाईक पुढच्या वर्षीही ऑर्डर देणार होते तो नमुना हातचा गेला की ऑर्डरही जाते.

ही गोष्ट आता पुष्कळांच्या लक्षात येऊ लागली आहे. त्यामुळे व्यापारी बंधू एकमेकांना विचारतात, 'बॅकअपसाठी कोणते सॉफ्टवेअर चांगले?' आमचे स्पष्ट मत असे आहे की हा प्रश्न विचारण्याची पद्धतच चुकीची आहे.

प्रश्न बदला

सॉफ्टवेअर विकणारा आपल्याला माल आत कसा जातो ते दाखवतो. एक बटण दाबा, हिरवी पट्टी पुढे सरकते, शेवटी 'काम पूर्ण झाले' असा संदेश येतो. पाहणाऱ्याचे समाधान होते. पण गोदामाची परीक्षा माल ठेवताना होत नाही, माल काढताना होते. कोणीही शहाणा व्यापारी दुसऱ्याच्या गोदामात माल टाकण्यापूर्वी विचारतो की किल्ली कोणाकडे राहील, पावती काय मिळेल, गोदामवाला धंदा बंद करून गेला तर माल कोणाकडून घ्यायचा. सॉफ्टवेअरच्या बाबतीत मात्र आपण यातले काहीच विचारत नाही.

म्हणून बॅकअपच्या सॉफ्टवेअरला पहिला प्रश्न हा विचारावा : ठेवलेले परत कसे मिळते? दुसऱ्या संगणकावर मिळते का? हे सॉफ्टवेअर उद्या बाजारात राहिले नाही तर मिळते का? मी जिवंत नसलो तर माझ्या घरच्यांना मिळते का? या प्रश्नांची उत्तरे समाधानकारक असतील तर सॉफ्टवेअर साधे असले तरी चालेल. ती नसतील तर ते कितीही महाग असले तरी उपयोगाचे नाही.

मोठ्यांची फजिती

हा केवळ शब्दांचा खेळ वाटू नये म्हणून काही घडलेली उदाहरणे पाहू.

१९९८ साली अमेरिकेतील पिक्सार कंपनीत 'टॉय स्टोरी २' या कार्टून चित्रपटाचे काम चालू असताना एका चुकीच्या आज्ञेमुळे चित्रपटाच्या बऱ्याचशा फाइली पुसल्या गेल्या. बॅकअप होता. तो काढून पाहिला तेव्हा कळले की तो नीट होतच नव्हता. शेवटी चित्रपट वाचला तो गॅलिन सुसमन या अधिकारी बाईंमुळे. बाळंतपणानंतर त्या घरून काम करीत असल्याने त्यांच्या घरच्या संगणकावर एक प्रत होती. कोट्यवधी डॉलरच्या कंपनीला घरातल्या एका साध्या प्रतीने तारले.

३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या संगणक क्षेत्रातील कंपनीत एका कर्मचाऱ्याच्या हातून मुख्य माहितीसाठा पुसला गेला. कंपनीकडे राखणीचे पाच वेगवेगळे उपाय होते. ऐन वेळी त्यांतला एकही धड कामाला आला नाही. एका उपायाचे काम तर आधीपासूनच अपयशी ठरत होते आणि त्याची सूचना देणारे ई-मेलही कोणापर्यंत पोहोचत नव्हते. योगायोगाने सहा तासांपूर्वी काढलेली एक प्रत सापडली म्हणून निभावले.

डिसेंबर २०२१ मध्ये जपानच्या क्योटो विद्यापीठात तर याहून विपरीत घडले. तेथे बॅकअपच्याच आज्ञावलीत बदल करताना चूक झाली आणि तिने महासंगणकावरील सुमारे ७७ टेराबाइट संशोधन पुसून टाकले. राखणदारानेच घर रिकामे केले.

या तिन्ही ठिकाणी जाणकार माणसे होती आणि पैशाची कमतरता नव्हती. पहिल्या दोन ठिकाणी नडले ते एवढेच की ठेवलेले परत काढून कोणी वेळीच पाहिले नव्हते.

सिंक म्हणजे बॅकअप नव्हे

आपल्याकडे सर्वांत मोठा गैरसमज येथे आहे. मोबाइलमधले फोटो गुगल फोटोजवर दिसतात, म्हणजे बॅकअप झाला, असे लोक समजतात. त्या सेवेचा उपयोग नाही असे नाही. मोबाइल हरवला तर फोटो वाचतात. पण मोबाइलमधल्या त्या अॅपमधून फोटो पुसला की तो वरच्या खात्यातूनही जातो. तो कचरापेटीत ६० दिवस राहतो आणि मग कायमचा नाहीसा होतो. घरातल्या लहान मुलाने खेळता खेळता शंभर फोटो पुसले आणि ते दोन महिन्यांनी लक्षात आले, तर काहीही करता येत नाही.

दोन ठिकाणी एकसारखे ठेवणे याला सिंक म्हणतात. एकीकडे चूक झाली की तीच चूक दुसरीकडे जाते. बॅकअप म्हणजे कालची स्थिती आज परत मिळण्याची सोय. रोजमेळ आणि खतावणी यांत जसा फरक आहे तसा या दोहोंत आहे, आणि एकाने दुसऱ्याचे काम होत नाही.

वॉट्सअॅपच्या ग्रुपवर फोटो टाकून ठेवणे हाही काहींना बॅकअप वाटतो. नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो वॉट्सअॅप लहान करून पाठवते आणि फोटो कधी काढला याची त्यात दडलेली नोंदही निघून जाते. अशा फोटोवरून मोठी छपाई करायला गेलात किंवा जरीचा बारीक टाका पाहायला गेलात तर काही दिसत नाही. नमुन्याचे फोटो मूळ आकारातच ठेवावेत.

चार प्रकारची सॉफ्टवेअरे

बाजारात नावे शंभर असली तरी घरच्या फोटो-व्हिडिओसाठी जी सॉफ्टवेअरे सांगितली जातात ती मुख्यतः चार प्रकारची असतात.

पहिला प्रकार साध्या नकलेचा. हे सॉफ्टवेअर एका डिस्कवरील फोल्डर दुसऱ्या डिस्कवर जसेच्या तसे उतरवते आणि पुढच्या वेळी फक्त नव्या व बदललेल्या फाइली उचलते. विंडोजमध्ये रोबोकॉपी नावाची आज्ञा आधीपासूनच असते, लिनक्सवर आरसिंक आहे, आणि ज्यांना आज्ञा टंकित करायच्या नसतील त्यांच्यासाठी फ्रीफाइलसिंक हे घरगुती वापरास मोफत सॉफ्टवेअर आहे. याचा मोठा गुण असा की दुसऱ्या डिस्कवर फोटो हा फोटोच राहतो. ती डिस्क कोणत्याही संगणकाला जोडा, सॉफ्टवेअर नसले तरी फाइल उघडते. धोका एकच, पण मोठा आहे. यात 'मिरर' नावाची पद्धत असते. मूळ ठिकाणी जे नाही ते ती दुसऱ्या ठिकाणाहूनही पुसते. मूळ फोल्डर चुकून रिकामे झाले आणि आपण मिरर चालवले तर दुसरी प्रतही रिकामी होते. म्हणून पुसलेल्या व बदललेल्या फाइली वेगळ्या फोल्डरात हलवण्याची सोय चालू केल्याशिवाय मिरर वापरू नये. फ्रीफाइलसिंकमध्ये ती सोय आहे.

दुसरा प्रकार पेटीबंद साठ्याचा. रेस्टिक, बोर्ग, कोपिया, डुप्लिकाटी ही या प्रकारातली मोफत व खुली सॉफ्टवेअरे. ती फाइलींचे तुकडे करून, कुलूपबंद करून एका साठ्यात ठेवतात. एकच फोटो पाच ठिकाणी असला तर जागा एकाचीच लागते. मागच्या महिन्यातील, मागच्या वर्षातील स्थिती परत काढता येते. काम उत्तम आहे. पण साठा उघडायला तेच सॉफ्टवेअर आणि तोच पासवर्ड लागतो. रेस्टिकचा पासवर्ड हरवला तर तो साठा जगात कोणीही उघडून देऊ शकत नाही.

तिसरा प्रकार संपूर्ण डिस्कच्या प्रतिमेचा. क्लोनझिला यासारखी सॉफ्टवेअरे विंडोजसकट सगळी डिस्क उचलून ठेवतात. दुकानाचा संगणक बंद पडला आणि बिलाचे सॉफ्टवेअर तासाभरात पुन्हा चालू व्हायला हवे, त्यासाठी हे योग्य. फोटो आणि चित्रीकरणासाठी एवढ्या खटाटोपाची गरज नाही.

चौथा प्रकार इंटरनेटवरील भाड्याच्या जागेचा. येथे आपण गोदाम भाड्याने घेतो हे विसरू नये. अटी गोदामवाला ठरवतो व बदलतो. गुगल फोटोजची अमर्याद मोफत जागा १ जून २०२१ पासून बंद झाली. क्रॅशप्लॅन या कंपनीने घरगुती ग्राहकांची सेवा बंद करण्याचे ऑगस्ट २०१७ मध्ये जाहीर केले आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये ती संपली. ग्राहकांना मुदत मिळाली, पण सगळी मांडणी नव्याने करावी लागली. शिवाय वेळेचा हिशेब करा. एक टेराबाइट संग्रह १० एमबीपीएसच्या वेगाने वर चढवायला रात्रंदिवस चालू ठेवूनही सुमारे सव्वानऊ दिवस लागतात. तोच संग्रह चांगल्या हार्ड डिस्कवर सुमारे तीन तासांत उतरतो. आगीपुरापासून रक्षण म्हणून ही जागा चांगली. एकुलती एक प्रत म्हणून नव्हे.

यात विक्रेत्यांच्या एका बढाईकडेही लक्ष द्यावे. 'आमचे सॉफ्टवेअर निम्म्या जागेत बसवते' असे सांगतात. हिशेबाच्या व पत्रांच्या फाइलींना ते लागू पडते. पण जेपेग फोटो, एमपी३ आवाज आणि एमपी४ चित्रफीत या मुळातच दाबून बसवलेल्या असतात. पिळलेला कपडा पुन्हा पिळून पाणी निघत नाही. अशा संग्रहासाठी या गुणाचे जादा पैसे मोजू नयेत.

आमचा कौल असा : घरच्या संग्रहाच्या पहिल्या दोन प्रती साध्या नकलेच्या सॉफ्टवेअरने कराव्यात, म्हणजे त्या कोणालाही उघडता येतील. ज्याला तिसरी प्रत इंटरनेटवर किंवा परक्या जागी ठेवायची आहे त्याने ती पेटीबंद साठ्यात ठेवावी आणि पासवर्ड कागदावर लिहून ठेवावा. मॅक संगणक वापरणाऱ्यांना टाइम मशीन हे सॉफ्टवेअर सोबतच मिळते. त्यांनी ते खुशाल वापरावे, पण डिस्क भरली की ते सर्वांत जुन्या प्रती पुसते हे ध्यानात असू द्यावे. विंडोजमधील फाइल हिस्टरी ठरावीक फोल्डरच उचलते. आपल्याकडे सवयीने सगळे 'डी ड्राइव्ह'वर ठेवतात. ते त्यात आपोआप येत नाही.

घेण्यापूर्वीच्या कसोट्या

वर सांगितलेल्या परत मिळण्याच्या मुख्य कसोटीखेरीज आणखी तीन कसोट्या लावाव्यात.

पहिली, जुनी स्थिती किती दिवस राहते. फाइल बिघडल्याचे आपल्याला त्याच दिवशी कळत नाही. ईदचे फोटो आपण पुढच्या ईदला उघडतो. म्हणून वर्षभर मागे जाता आले पाहिजे.

दुसरी, पडताळणी आहे का. संध्याकाळी गल्ला मोजून रोजमेळाशी जुळवतात तसे नक्कल मूळ फाइलीशी अक्षरन् अक्षर जुळते की नाही हे सॉफ्टवेअरने मोजून सांगितले पाहिजे. नुसती तारीख आणि आकार जुळला म्हणजे आतला माल जुळला असे नाही. फ्रीफाइलसिंकमध्ये फाइलीचा मजकूर ताडून पाहण्याचा पर्याय आहे, रेस्टिकमध्ये साठा तपासण्याची आज्ञा आहे. वेळ लागतो, पण महिन्यातून एकदा रात्री लावून ठेवायला हरकत नाही.

तिसरी, काम अडले तर ते सांगते का. गिटलॅबचे उदाहरण याच कसोटीचे आहे. मूकपणे बंद पडणारे सॉफ्टवेअर हे न बोलता काम सोडून गेलेल्या नोकरासारखे असते. दुकान त्याच्या भरवशावर उघडे राहते.

भरतकामाच्या यंत्रावर काम करणाऱ्यांसाठी एक खास सूचना. यंत्रात घालायची डीएसटी फाइल ही फक्त टाक्यांची नोंद असते. डिझाइनमध्ये फेरफार करायला सोपी पडते ती मूळ फाइल, उदाहरणार्थ विलकॉम सॉफ्टवेअरची ईएमबी फाइल. पुष्कळ जण फक्त डीएसटी जपतात आणि गिऱ्हाईकाने आकार बदलून मागितला की अडतात. बॅकअपमध्ये दोन्ही फाइली येतात की नाही ते पाहावे.

ज्यांच्याकडे अजून व्हिडिओ कॅसेट आहेत त्यांच्यापुढे सॉफ्टवेअरच्या आधीचा प्रश्न आहे. जपानच्या फुनाई कंपनीने जुलै २०१६ मध्ये व्हीसीआर बनवणे थांबवले. चालू स्थितीतली यंत्रे दर वर्षी कमी होत आहेत, फीत जुनी होते आहे. सॉफ्टवेअर निवडण्यात सहा महिने घालवण्यापेक्षा आधी कॅसेट उतरवून घ्याव्यात.

चोरीच्या कुलपाने तिजोरी बंद करू नका

संगणक दुरुस्त करणारा मुलगा 'क्रॅक' केलेले सॉफ्टवेअर फुकट टाकून देतो. आपल्या बाजारात याचा कोणालाच संकोच वाटत नाही. जो व्यापारी गिऱ्हाईकाला माप पूर्ण देतो, व्याजाच्या व्यवहारापासून दूर राहतो, तोही दुसऱ्याच्या मेहनतीची वस्तू मोबदला न देता वापरतो. याचा विचार प्रत्येकाने आपल्या ईमानाला विचारून करावा. आम्ही येथे केवळ व्यवहाराची बाजू सांगतो. क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरबरोबर संगणकात काय काय शिरले हे टाकणाऱ्यालाही माहीत नसते. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर विषाणूने जगभरच्या संगणकांतील फाइली कुलूपबंद करून पैसे मागितले होते. असे विषाणू संगणकाला जोडून ठेवलेल्या डिस्कलाही सोडत नाहीत. म्हणजे राखणीसाठी आणलेली वस्तूच चोराला घरात घेऊन येऊ शकते.

आणि याची गरजही नाही. वर सांगितलेल्या मोफत सॉफ्टवेअरांपैकी बहुतेक त्यांच्या कर्त्यांनी राजीखुशीने सर्वांसाठी खुली केलेली आहेत. धंद्याच्या संगणकावर वापरताना परवान्याची अट तेवढी वाचावी, कारण काही सॉफ्टवेअरे फक्त घरगुती वापरासाठी मोफत असतात. हलाल मार्ग स्वस्त असताना हराम मार्गाने जाण्यात कोणते शहाणपण?

प्रत दुसऱ्या जागी हवी

अमेरिकेतील छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी सांगितलेला नियम आता जगभर मानला जातो : एकूण तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक दुसऱ्या जागी. यातला शेवटचा भाग आपण नेहमी टाळतो. मूळ संगणक टेबलावर आणि बॅकअपची डिस्क त्याच टेबलाच्या खणात असते.

२६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. जुलै २०२१ मध्ये चिपळूण आणि महाडच्या बाजारपेठा पाण्याखाली गेल्या. पाण्याने टेबल आणि खण असा भेद केला नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये दक्षिण कोरियातील देजॉन शहरात सरकारी माहिती केंद्राला आग लागली आणि सरकारी नोकरांच्या कामाच्या फाइलींचा ८५८ टेराबाइटचा साठा जळून गेला. साठा फार मोठा म्हणून त्याची बाहेर प्रत ठेवलेली नव्हती.

हा धडा आपल्याला नवा असू नये. यमामाच्या लढाईत अनेक हाफिज शहीद झाल्यावर हजरत अबू बकर (रजि.) यांच्या काळात कुरआनचे लेखी संकलन झाले आणि हजरत उस्मान (रजि.) यांच्या काळात त्याच्या प्रती निरनिराळ्या शहरांना पाठवण्यात आल्या. अल्लाहच्या कलामाची आणि आपल्या घरगुती वस्तूंची तुलना करण्याचा प्रश्नच नाही. पण जे जपायचे ते एकाच जागी, एकाच माणसाच्या भरवशावर ठेवू नये, ही समज आपल्या बुजुर्गांना होती.

आपल्या समाजात याची सोयही आहे. कोकणातल्या घराघरांतला कोणी ना कोणी मुंबईत किंवा आखातात असतो. सुटीवर आलेल्या भावाबरोबर एक डिस्क द्यावी, पुढच्या सुटीत ती परत आणून नवी द्यावी. मालेगाव किंवा भिवंडीच्या व्यापाऱ्याने एक डिस्क दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे ठेवावी आणि त्याची आपल्याकडे ठेवून घ्यावी. खर्च फक्त डिस्कचा.

दुसऱ्यांची अमानत

फोटो स्टुडिओ आणि लग्नाचे चित्रीकरण करणाऱ्या बंधूंची जबाबदारी यापेक्षा मोठी आहे. त्यांच्या डिस्कवर दुसऱ्यांच्या घरच्या स्त्रियांचे फोटो असतात. येथे साधी, कोणालाही उघडता येणारी प्रत चालणार नाही. ही अमानत आहे, ती कुलूपबंदच हवी. अशा साठ्यासाठी पेटीबंद प्रकारचे सॉफ्टवेअर घ्यावे, डिस्क दुरुस्तीला देताना आतील माहिती कुलूपबंद आहे याची खात्री करावी आणि किती महिने फाइली ठेवणार व मग पुसणार हे गिऱ्हाईकाला पावतीवर लिहून द्यावे. जो स्टुडिओ हे करील त्याच्याकडे मोहल्ल्यातली घरे डोळे मिटून जातील. घरोघरचा संग्रह नीट लावून देणे हा आपल्या शिकलेल्या तरुणांसाठी एक प्रामाणिक जोडधंदाही होऊ शकतो.

वारसांना सापडेल असे ठेवा

आता सर्वांत महत्त्वाचे. आपल्या पश्चात हे कोठार कोण उघडणार? वसीयत लिहून ठेवण्याची आपल्याला ताकीद आहे. देणे-घेणे लिहून ठेवण्याचा हुकूम सूरह बकराच्या २८२व्या आयतीत आहे आणि ती कुरआनातील सर्वांत लांब आयत आहे. जो धर्म व्यवहाराच्या लेखी नोंदीला एवढे महत्त्व देतो त्याच्या अनुयायाने घरादाराच्या आठवणी आणि मुलांच्या रोजीचे नमुने एका पासवर्डमागे ठेवून, तो पासवर्ड आपल्याबरोबर कबरीत नेऊ नये. एका कागदावर लिहावे : कोणत्या डिस्क आहेत, कोठे आहेत, कोणते सॉफ्टवेअर लागते, पासवर्ड काय आहे. तो कागद घराच्या कागदपत्रांबरोबर ठेवावा आणि बायकोला व मोठ्या मुलाला किंवा मुलीला दाखवावा.

आणि परत काढून पाहण्याचा एक दिवस ठरवावा. आपल्याकडे असा दिवस तयारच आहे. वर्षातून एकदा जकातीचा हिशेब करताना व्यापारी मालाची मोजदाद करतो, देणी-घेणी काढतो. त्याच दिवशी बॅकअपची डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडावी. निरनिराळ्या वर्षांच्या दहा फाइली कोठूनही उचलाव्यात आणि उघडून पाहाव्यात. त्यांत एक मोठी चित्रफीत असावी, एक डिझाइनची फाइल असावी, आणि मराठी किंवा उर्दू अक्षरांत नाव असलेली एक फाइल जरूर असावी, कारण काही जुनी सॉफ्टवेअरे अशी नावे बिघडवतात. चित्रफीत शेवटपर्यंत चालवून पाहावी. दहाच्या दहा फाइली उघडल्या तर आपले सॉफ्टवेअर चांगले. एकही अडली तर त्याच दिवशी कारण शोधावे, कारण मूळ प्रत तेव्हा हातात असते.

व्यापारी व कारागीर बंधूंना आमची एवढीच विनंती आहे की जाहिरात पाहून सॉफ्टवेअर घेऊ नका आणि शेजाऱ्याने घेतले म्हणूनही घेऊ नका. या आठवड्यात एक हार्ड डिस्क आणा, साधी नक्कल करा आणि दहा फाइली परत काढून पाहा. सॉफ्टवेअरची निवड त्यानंतर शांतपणे करता येईल. पहिली प्रत मात्र तोपर्यंत थांबणार नाही. घरातली मुले हे काम तासाभरात शिकतील, त्यांना सोबत घ्या.